मोबाइलवरील मिळकत आणि प्रौढ शेतकरी

हल्लीं आमच्या जालना जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं पारावर बसावें, तर कापसाचा भाव आणि मोसंबीची फळगळ यांच्या जोडीला तिसरा एक विषय हटकून निघतो. अमक्यानें यूट्यूबवर चॅनेल काढलें, त्याला महिन्याला इतके हजार मिळतात, मग आपणच कां मागें राहावें? हा प्रश्न विशी-पंचविशींतले तरुणच विचारीत असते तर या लेखाचें प्रयोजन नव्हतें. त्यांना चुकावयास वेळ आहे. परंतु आतां तो पंचेचाळीस-पन्नाशीचे, मुलामुलींचीं शिक्षणें व लग्नें अंगावर असलेले, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढलेले गृहस्थ विचारूं लागले आहेत. प्रस्तुत लेखक त्यांपैकींच एक असून हा उद्योग त्यानें स्वतः करून पाहिला आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही आशा अगदींच निराधार नाहीं. पूर्वीचा अहमदनगर, आतांचा अहिल्यानगर जिल्हा, त्यांतील सारोळा कासार येथील सुमनबाई धामणे यांचें उदाहरण पुष्कळांस ठाऊक असेल. वय सत्तरीच्या घरांत. २०२० सालीं अकरावींत शिकणाऱ्या नातवाच्या मदतीनें त्यांनीं 'आपली आजी' या नांवानें गांवाकडील स्वयंपाकाचे व्हिडिओ दाखविण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षीं एक लाख सबस्क्रायबर झाल्याबद्दल मिळणारें रुपेरी सन्मानचिन्ह त्यांच्या घरीं आलें. पुढें प्रेक्षक त्यांच्या हातच्या मसाल्यासहि मागणी करूं लागले. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हां येणार आहें.

आतां या मिळकतीचें यंत्र कसें चालतें तें पाहूं. जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळण्यासाठीं चॅनेलला निदान १,००० सबस्क्रायबर असावे लागतात आणि मागील बारा महिन्यांत लोकांनीं तें एकूण ४,००० तास पाहिलेलें असावें लागतें. किंवा शॉर्ट्स म्हणून जे आंखूड व्हिडिओ असतात ते नव्वद दिवसांत एक कोटि वेळां पाहिले जावे लागतात. ही पायरी चढल्यावर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीचे शेंकडा ५५ व शॉर्ट्सच्या वांटणींतील शेंकडा ४५ चॅनेलवाल्यास मिळतात. तेहि १०० डॉलर सांठेपर्यंत हातीं येत नाहींत. जाहिरातीचा दर लिलावानें ठरतो, व तो मोंढ्यांतील भावासारखाच रोज हलतो. फरक इतकाच कीं, मोंढ्यांतील लिलाव आपल्या डोळ्यांदेखत होतो, हा होत नाहीं. आणि भाव पटला नाहीं म्हणून गाडी माघारी आणण्याची सोय येथें नाहीं.

माझाच हिशेब मांडतों. २०२० च्या दिवाळींत, वयाच्या ४८ व्या वर्षीं, पुतण्याच्या मदतीनें मीं माझ्या मोसंबीच्या बागेवर पहिला व्हिडिओ केला. कॅमेऱ्यापुढें तोंडांतून शब्द फुटेना आणि घरच्या मंडळींना हसूं आवरेना. वर सांगितलेली पायरी चढावयास १९ महिने लागले. त्यापुढील सर्वांत चांगल्या वर्षीं जाहिरातींचे मिळून ३१ हजार रुपये आले, म्हणजे महिन्याला फार तर अडीच हजार. मोबाइल, माइक व तिपाई यांस लागलेले २७ हजार वेगळेच. एक व्हिडिओ नीट करावयाचा म्हणजे चित्रण, कांटछांट आणि मागाहून येणाऱ्या प्रश्नांस उत्तरें मिळून दीड दिवस जातो. त्या वेळाची मजुरी धरली तर हें पीक साफ तोट्याचें. परंतु त्याच वर्षीं छत्रपति संभाजीनगर व पुणें येथील प्रेक्षकांनीं आपण होऊन विचारणा केल्यावरून ४ टन फळ पेट्या भरून थेट पाठविलें, आणि पेटी व वाहतूक यांचा खर्च वजा जातां बागवान देत होता त्यापेक्षां किलोमागें ११ रुपये अधिक पडले. हे झाले ४४ हजार. म्हणजे जें उत्पन्न मिळवावयास निघालों होतों तें गौण ठरलें, आणि ज्याचा विचारहि केला नव्हता तें बागेचेंच उत्पन्न वाढलें.

यावरून माझें मत असें बनलें आहे कीं, प्रौढ शेतकऱ्यानें या धंद्याकडे आंतरपीक म्हणून पाहावें. तुरीच्या ओळींत मूग घ्यावा. मुगासाठीं तूर उपटूं नये. आमच्याच तालुक्यांत एका गृहस्थांनीं जमीन बटाईनें लावून दिवसभर व्हिडिओ करण्याचा मार्ग पत्करला. दीड वर्षानें दाखवावयास शेतच उरलें नाहीं, तेव्हां ते दुसऱ्यांचीं शेतें दाखवीत हिंडूं लागले, आणि आतां तेंहि बंद आहे.

कित्येकांस वाटतें कीं, हें तरुणांचें काम, आपल्या रापलेल्या चेहऱ्यास कोण पाहणार? ही भीति खोटी आहे. तरुणांजवळ यंत्राचें ज्ञान असतें, पण आपल्याजवळ जें आहे तें त्यांना उसनें मिळत नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, सरपण म्हणून तुटल्या. ज्यानें तेव्हां टँकरनें पाणी आणून, झाडाचा भार छांटून, बुडाशीं पाचटाचें आच्छादन घालून निम्मीं तरी झाडें वांचविलीं, त्याच्या स्मरणांत किती पाणी, कितव्या दिवशीं, कोणत्या झाडास, हें सारें आहे. माझ्या सर्व व्हिडिओंत अधिकांत अधिक पाहिला गेलेला तोच एक आहे, आणि त्यांत मीं वाळलेल्या झाडांची संख्याहि लपविलेली नाहीं. आंबे बहाराला ताण किती द्यावा हा प्रश्न पाठपुस्तकांतहि सुटतो. पण हलक्या जमिनींत ताण जास्त होऊन फांद्या कशा मेल्या, हें ज्याच्या मेल्या त्यानेंच सांगावें.

आतां एक कबुली देणें भाग आहे. तिसऱ्या वर्षीं एक औषधविक्रेते माझ्याकडे आले व एक बाटली हातांत धरून 'यानें माझी फळगळ थांबली' एवढें म्हणण्याचे ८ हजार रुपये देऊं लागले. तें औषध मीं वापरलें नव्हतें. मुलाच्या वसतिगृहाची रक्कम भरावयाची होती. मीं म्हटलें. पुढच्या महिन्यांत अंबड तालुक्यांतील एका तरुण बागाइतदाराचा फोन आला. त्यानें दोनशें झाडांवर उधारीनें आणलेलें तें औषध फवारलें होतें, आणि गळ जशीच्या तशी चालू होती. त्यानें शिव्या दिल्या असत्या तर बरें झालें असतें. तो एवढेंच म्हणाला, "काका, तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं." मीं तो व्हिडिओ काढून टाकला व ते ८ हजार त्याला पाठविले. त्यानें पैसे ठेवून घेतले आणि पुन्हां कधीं फोन केला नाहीं. त्याचें बरोबरच होतें.

ही केवळ नीतीची गोष्ट नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दुजोरा देणाऱ्यासहि १० लाखांपर्यंत, व पुन्हां तोच अपराध केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस केली असेल तर तसें स्पष्ट सांगणें आतां बंधनकारक आहे. फवारणीची गोष्ट तर याहून गंभीर. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसें दगावलीं. कोणतीं दोन औषधें एकत्र मिसळावीं हें मोबाइलसमोर उभें राहून बेधडक सांगणाऱ्यांनीं तो हंगाम आठवावा. मी स्वतः आतां औषधाचें नांव घेण्यापूर्वीं बदनापूरचें मोसंबी संशोधन केंद्र किंवा खरपुडीचें कृषि विज्ञान केंद्र यांस विचारतों. उत्तर मिळालें नाहीं तर तो भाग गाळतों.

आणखी दोन व्यावहारिक बाबी. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त आहे, पण शेतावर उभें राहून केलेल्या व्हिडिओचें उत्पन्न शेतीचें नव्हे. तें विवरणपत्रांत दाखवावें लागतें, आणि तें करपात्र मर्यादेपलीकडे गेलें तर दर ठरवितांना शेतीचें उत्पन्नहि हिशेबांत धरलें जातें. ज्याच्यावर प्रत्यक्ष आयकर भरण्याची पाळी येते, तो पी. एम. किसानच्या वार्षिक ६,००० रुपयांस, व त्याच पात्रतेवर चालणाऱ्या राज्याच्या नमो शेतकरी योजनेसहि मुकतो. तेव्हां थोड्या रकमेसाठीं दुसरी रक्कम घालवीत नाहीं ना, हें आधींच पाहावें. दुसरें, चॅनेल कोणाच्या नांवावर आहे? माझें पहिलीं तीन वर्षें पुतण्याच्या ई-मेलवर होतें. भाऊबंदकी व्हावयास याहून सोपें निमित्त नाहीं. सातबारा जसा आपल्या नांवावर, तसाच ई-मेल, परवलीचा शब्द व बँकेचें खातें आपलें असावें, व दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. सुमनबाईंच्या चॅनेलचाहि २०२० च्या ऑक्टोबरांत परक्यानें ताबा घेतला होता; सुदैवानें तें कांहीं दिवसांनीं परत मिळालें.

आपल्या संघाच्या सभासदांत असे चॅनेलवाले आतां दहा-बारा तरी असतील. त्यांनीं आपापला जमाखर्च, तोटा न लपवितां, संपादकांकडे पाठवावा, म्हणजे नव्यानें उडी घेणाऱ्यांस पारावरील गप्पांपेक्षां भक्कम आधार मिळेल. माझी चार वर्षांची वही मीं या लेखाबरोबरच कार्यालयांत ठेवली आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं बाजाराच्या दिवशीं येऊन पाहावी.