ओटा गेला, पार्किंग आलं



मागच्या चातुर्मासात आमच्याकडे चौका होता. सोवळ्याचे कपडे नेसून, हातात कलश आणि श्रीफळ घेऊन आम्ही दोघं पडगाहनाला उभे राहिलो. कुठे? तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये! एका बाजूला जीप, दुसऱ्या बाजूला तीन स्कूटी, समोर अर्धवट उघडलेलं लोखंडी गेट. महाराज ईर्यासमितीने, चार हात पुढची जमीन पाहत आले आणि तसेच पुढे गेले. त्यांनी मनात कोणता विधी धरला होता ते त्यांनाच ठाऊक, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मान वर करून पाहिलं तेव्हा जाणवलं, आमच्या गल्लीत रस्त्यावर उघडणारी दारं आता दोन-तीनच उरलीत. बाकी सगळी गेटं.

याच जागी आमचं जुनं घर होतं, पुढे दगडी ओटा. आपलं जेवण सूर्यास्ताआधी आटोपतं, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळायची. सासूबाई भांडी पालथी घालून ओट्यावर येऊन बसत. समोरच्या काकू मेथी निवडायला घेत. भाजीवाली टोपली टेकवून घोटभर पाणी पिई. कोणाचं पोर पडलं, कोणाकडे पाहुणे आले, नळाला पाणी कधी येणार, सगळं तिथेच कळे. आपल्या नांदगावात पाण्याची बातमी म्हणजे लाखमोलाची! एखादी आजी दोन दिवस ओट्यावर दिसली नाही, तर कोणीतरी चौकशीला जाईच. आता शेजारी आजारी पडल्याचं आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं.

बिल्डिंग नकोच, असं मी म्हणणार नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, माळवदं गळू लागली, गुडघे दुखू लागले. लिफ्टने सासूबाईंना मंदिरात जाणं सोपं झालं, हे खरंच. वरचे मजले आमच्या सोयीचे आहेत. प्रश्न तळमजल्याचा आहे. 2020 च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, जी आपल्यासारख्या नगरपरिषदेच्या गावांनाही लागू आहे, घरांच्या हिशेबाने पार्किंग द्यावंच लागतं; आणि फक्त पार्किंगसाठी ठेवलेला खांबांवरचा तळमजला एफएसआयमध्ये धरत नाहीत. मग बिल्डर अख्खा तळमजला गाड्यांना देतो. गाडीला काही डोळे नसतात. रात्री आठनंतर त्या अंधाऱ्या खांबांसमोरून क्लासहून येणाऱ्या मुली पावलं उचलत चालतात. तिकडे अमेरिकेत जेन जेकब्स या बाईंनी 1961 मध्ये पुस्तक लिहून हेच मांडलं होतं, की रस्त्याची राखण तिथल्या माणसांचे डोळे करतात. आमच्या सासूबाईंनी पुस्तक न वाचता ती राखण चाळीस वर्षं केली.

म्हणून ज्यांची घरं आता बिल्डरला द्यायची आहेत, त्या मैत्रिणींना एक सांगते. करारावर सही करण्याआधी फक्त चौरस फूट आणि मॉड्युलर किचन बघू नका. रस्त्याच्या बाजूला एक-दोन दुकानं किंवा एखादी राहती खोली मागा. गाड्या मागच्या भागात लावता येतील का, ते नकाशात बघा. गेटबाहेर एक बाक, वर एक दिवा, आणि गाई-पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवण्यापुरती जागा लिहून घ्या. घरातले पुरुष 'ह्यात काय मागायचं' म्हणतील. म्हणू द्या. ओट्यावर ते कमीच बसायचे.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून गेटजवळची एक गाडीची जागा मोकळी करून घेतली, तिथे शहाबादी फरशीचा कट्टा बांधला. पहिल्या संध्याकाळी सासूबाई एकट्याच बसल्या. चौथ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधून काकू उतरल्या, हातात मेथीची जुडी!

यंदा पडगाहनाला आम्ही त्या कट्ट्याशी उभे राहणार आहोत.