गांधीलमाशीचा दोष कोणता?

वाशीम जिल्ह्यात पावसाळा सरत आला की गोठ्याच्या आढ्याला, विहिरीच्या कपारीत आणि बांधावरच्या झुडपांत गांधीलमाशांची पोळी दिसू लागतात. पोळे दिसताच पलिता पेटवायचा, हा जणू रिवाजच झाला आहे. गांधीलमाशीचा दंश प्रसंगी जीवघेणा ठरतो. म्हणून घराच्या वा शाळेच्या दारातील पोळे काढावे, याविषयी दुमत नसावे. परंतु शेताच्या बांधावरचे पोळेही त्याच न्यायाने जाळणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा विचार सोयाबीन, तूर व कपाशीवर जगणाऱ्या या जिल्ह्याने केला पाहिजे.

गांधीलमाशीचा आहार दुहेरी असतो. प्रौढ माशी फुलांतील मध, फळांचा रस अशा गोड द्रवावर जगते. पोळ्यातील पिलांना मात्र सामिष अन्न लागते. त्यासाठी ती पानांवरच्या अळ्या व लहान कीटक पकडते, चावून त्यांचा गोळा करते आणि तो पिलांना भरवते. म्हणजे जी अळी शेतकऱ्याचे पीक खाते, तीच या पिलांचा घास होते.

हाच आहार परक्या भूमीत मात्र अनर्थ घडवितो. १९४५ च्या सुमारास विमानाच्या सुट्या भागांच्या खोक्यांतून युरोपातील एक गांधीलमाशी न्यूझीलंडला पोहोचली. १९७० च्या दशकात तिची दुसरी बहीणही तेथे स्थिरावली. पोळे करून समूहाने राहणारी गांधीलमाशी त्या देशात मूळची नव्हतीच. साहजिकच तिला आवरणारे कोणी नव्हते. दक्षिण बेटावरील बीच वृक्षांच्या अरण्यांत खवले कीटकांपासून स्रवणारा गोड द्रव हा तेथील पक्ष्यांचा व कीटकांचा आधार होता. तो या माश्यांनी बळकावला आणि सुरवंट व कोळी यांचा फडशा पाडला. आशियातील पिवळ्या पायांची गांधीलमाशी २००४ मध्ये फ्रान्समध्ये आढळली. आशियाई मधमाश्या अशा शत्रूला गराडा घालून अंगच्या उष्णतेने मारतात. युरोपी मधमाशीला ती विद्या पुरती अवगत नाही. दोष माशीच्या जातीचा नव्हे, तिच्या स्थानांतराचा होय.

मग परका कीटक आणूच नये काय? तसेही नाही. पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला. त्याच्या बंदोबस्तासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून एक सूक्ष्म परोपजीवी माशी आणली गेली आणि ती यशस्वी ठरली. ती वाटेल ते खात नाही, त्या ढेकणावरच वाढते. हे तिच्या यशाचे मर्म. पाहुण्याला घरात घेण्यापूर्वी तो काय खातो, हे विचारण्याची सावधगिरी येथे पाळली गेली.

वाशीमच्या शेतकऱ्यापाशी मात्र न आणता आलेले, घरचेच मित्रकीटक आहेत. अळी दिसण्यापूर्वीच सरसकट विषारी फवारणी केली, तर किडीआधी तेच मरतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही. किडीने नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारणी करावी, पतंगांची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामाची कार्डे वेळेवर मिळावीत आणि निर्जन बांधावरचे पोळे सुखरूप राहावे, एवढे तरी घडावे. ग्रामीण शाळांनी मुलांना हे पोळे दुरून दाखविले, तर उद्याचा शेतकरी पलिता उचलण्यापूर्वी क्षणभर थांबेल.