स्वभावाचे वावडे

'श्यामच्या व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीत आईच्या संस्कारांचा वाटा स्पष्ट करा' हा प्रश्न आम्ही विद्यार्थी म्हणून सोडवला आणि अध्यापक म्हणून अनेकदा काढलाही. उत्तरही ठरलेले असते. मूल म्हणजे मातीचा गोळा, आई म्हणजे कुंभार. पुढे दोन-चार प्रसंग, आणि दहापैकी सात गुण. ह्या उत्तरावर आमचा आक्षेप आहे, आणि ते सात गुण देणाऱ्या आमच्यावरही आहे.

'श्यामची आई' (१९३५) पुन्हा एकदा नीट वाचावी. त्याच आईच्या पोटी, त्याच घरात, त्याच ओढगस्तीत श्यामची भावंडेही वाढली. आई सर्वांना तीच लाभली. साने गुरुजी मात्र एकच झाले. पोहायला जायचे नाही म्हणून दडून बसणारा श्याम आणि त्याला मारून विहिरीकडे धाडणारी आई, हा प्रसंग सर्वांना आठवत असेल. पाण्याची ती भीती आईने घातलेली नाही. ती तिच्यापुढे आयती येऊन उभी राहिली आहे, आणि तिचे काय करायचे हा त्या माउलीपुढचा प्रश्न आहे. पुस्तकातच असलेली ही गोष्ट आमच्या समीक्षेला दिसत नाही, कारण 'स्वभाव' ह्या शब्दाचे तिला वावडे आहे. व्यवहारात आपण 'स्वभावाला औषध नाही' म्हणतो. निबंध लिहायला बसलो की तेच आपण 'परिस्थिती', 'संस्कार' आणि 'व्यवस्था' ह्या तीन खुंट्यांना सगळा माणूस टांगून मोकळे होतो.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या अर्भकांपुढे रंगीत खेळणी हलवली, त्यांना अनोळखी आवाज ऐकवले. पाचातले साधारण एक मूल हातपाय झाडून रडू लागे. दोन मुले निवांत पाहत राहत. रडणारी मुले पुढे बुजरी आणि सावध होण्याची शक्यता अधिक, असे त्यांना वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात आढळले. चार महिन्यांच्या बाळावर कोणते संस्कार झाले होते? (गर्भसंस्कारवाल्यांचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. असो.) मात्र ह्याच संशोधनाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. अशा मुलांपैकी ज्यांच्या आयांनी त्यांना सतत पदराखाली झाकले नाही, ठाम मर्यादा घातल्या, त्यांचा भित्रेपणा ओसरताना दिसला. श्यामच्या आईचा मार आम्हांला मान्य नाही. पण तिला मुलाचा स्वभाव कळला होता आणि तिने तो अंतिम मानला नव्हता, हे आमच्या सात गुणांच्या उत्तरात कुठेच येत नाही.

२०१५ साली जुळ्या भावंडांवरील पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला: २७४८ शोधनिबंध, सुमारे एक कोटी पंचेचाळीस लाख जोड्या. सर्व गुणविशेषांची सरासरी काढता आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के भरला. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. एका माणसाचा अर्धा स्वभाव रक्तातून आणि अर्धा घरातून आला, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. माणसामाणसांतले जे फरक आहेत, त्यांपैकी साधारण निम्मे आनुवंशिक फरकांशी निगडित आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेला अर्धा भागही आमच्या 'संस्कारां'च्या पदरात आपोआप पडत नाही. एका घरात वाढल्यामुळे भावंडे स्वभावाने एकमेकांसारखी होतात, ह्याला ह्या अभ्यासांतून फारच थोडा आधार मिळतो.

इथे आमचे पुरोगामी स्नेही अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता आम्ही हलकी मानत नाही. जन्माने गुण येतात म्हटले की ह्या देशात पुढचे वाक्य जातीचे असते. युरोपात ते वाक्य गॅस चेंबरपर्यंत गेले. परंतु ह्या आक्षेपाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये देऊन ठेवले आहे. माणसाचे सामर्थ्य कशावर अवलंबून असते, ह्याची त्यांनी तीन कारणे दिली: शारीरिक आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न. आनुवंशिकता त्यांनी नाकारली नाही. ती पहिल्या क्रमांकावर मांडली. ह्या तिन्ही बाबतींत माणसे असमान आहेत हे मान्य करून त्यांनी विचारले की, असमान आहेत म्हणून त्यांना असमानतेने वागवायचे काय? आणि जातिव्यवस्था वंशशुद्धीसाठी आहे हा दावा त्याच ग्रंथात खोडून काढला. समतेसाठी माणसे कोऱ्या पाट्या असण्याची गरज बाबासाहेबांना वाटली नाही. आम्हांलाच ती का वाटावी?

इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपीय कवटीच्या ठेवणीत श्रेष्ठत्वाची खूण सापडावी अशी गुरूंची अपेक्षा. शिष्येच्या मोजमापांत तसा फरक निघाला नाही आणि तिने प्रबंधात तसेच लिहिले. जीवशास्त्राकडे पाठ फिरवून हे साधले नसते. आजचे आनुवंशशास्त्रही जातिवाद्याला निराशच करते: मानवी जनुकीय विविधतेचा बहुतांश, सुमारे ८५ टक्के, भाग एकाच समूहातील माणसामाणसांत असतो. दर पिढीत पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणूनच एका आईची दोन मुले इतकी निराळी निघतात.

उलट, स्वभाव नाकारण्याची किंमत कोणी मोजली? आयांनी. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७च्या ग्रंथामुळे मुलाच्या स्वमग्नतेचे खापर आईच्या थंडपणावर फोडणारा सिद्धान्त सर्वदूर पोचला. तो पुढे साफ चुकीचा ठरला. तोवर कितीतरी स्त्रिया अपराधी ठरून बसल्या होत्या. 'आईने वळण लावले नाही' हे आपले घरगुती वाक्य त्याच जातकुळीचे.

जनुकवेड्यांचेही आम्ही भाट नव्हे. २००३ साली ताण आणि नैराश्य यांना जोडणारे एक जनुक गाजले. २०१९च्या मोठ्या पडताळणीत त्या दाव्याला आधार मिळाला नाही. स्वभाव हजारो बारीक धाग्यांचा असतो, एका गाठीचा नव्हे.

मग समीक्षेने करायचे काय? 'बलुतं' (१९७८) आणि 'गोलपिठा' (१९७२) शेजारी ठेवावेत. दोघांचेही जन्म खेड्यातले, पुढे मुंबईचा तोच परिसर, तीच अस्पृश्यता. एक जण स्वतःचे दोन तुकडे करून दगडू पवारला दया पवारशी बोलायला लावतो, संकोचतो, स्वतःलाच कोरत राहतो. दुसरा अंगावर धावून येतो. हा फरक अमुक जनुकाचा असे कोणी म्हणू नये. पण दोघांनाही 'व्यवस्थेची अपत्ये' म्हणून एकाच वाक्यात गुंडाळणारी समीक्षा व्यवस्थेने जे केले तेच पुन्हा करते: माणूस पुसते, समूह ठेवते.

यंदा आम्ही प्रश्न बदलून काढला: 'श्यामच्या भित्रेपणाशी त्याची आई कशी वागते?' बहुतेक उत्तरांत मातीचा गोळा होताच. एका मुलीने मात्र लिहिले की तिची धाकटी बहीण पाण्याला कधीच घाबरली नाही, आणि ती स्वतः अजून घाबरते.