बांबूची हद्द

आषाढ सरत आला आणि पावसाने भूमी खोलवर भिजली, की सिंधुदुर्गातील आमच्या जुन्या घराच्या परसात माणग्याच्या बेटाभोवतीची माती एके सकाळी तडकलेली दिसते आणि दोन-तीन दिवसांच्या आत त्या भेगेतून बारीक कुसळांच्या तपकिरी आवरणात लपेटलेला टोकदार कोंब वीतभर वर येतो. त्या दिवशी तो हाताने सहज मोडतो. मार्गशीर्षात त्याच जागी कोयता पुनःपुन्हा उचलावा लागतो. बांबू आवरत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच मी प्रथम विचारतो, की श्रावणात आपण परसात गेला होतात काय?

बांबू हे वस्तुतः तृण आहे. १९२७ च्या वन अधिनियमाने त्याची गणना वृक्षांत केली आणि त्यामुळे घरच्या बांबूच्या तोडीला व वाहतुकीलाही परवान्याचा जाच दीर्घकाळ सोसावा लागला. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. सरकारी बंधन सुटले हे उचितच झाले, परंतु मालकाचे कर्तव्य त्याबरोबर सुटले नाही. तृणाचा धर्म पसरण्याचा आहे. कोंब आपल्या अंतिम जाडीनेच भूमीबाहेर येतो, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर सूतभरही जाड न होता तीन-चार वर्षे केवळ कठीण होत जातो. त्याला अडविण्याचा काळ म्हणजे आरंभीचे ते थोडे दिवस.

माणगा, कळक, मानवेल हे आपल्याकडील बांबू बेटाने वाढतात. त्यांच्या आखूड कंदाच्या बाहेरच्या अंगास नवा कंद फुटतो, म्हणून बेट दरवर्षी थोडे थोडे बाहेर सरकते आणि मधोमध जुन्या काठ्यांची दाटी होते. आमच्या गावच्या वहिवाटीत बांधावरची बेटे हीच हद्दनिशाणी मानली जात असे; मोजणीच्या नकाशातील रेघ जागची हलत नाही, बेट मात्र चालत राहते, आणि या तफावतीतून उद्भवलेले भाऊबंदकीचे तंटे मी लहानपणापासून पाहिले आहेत.

आमचे वडील श्रावणात दर चार दिवसांनी बेटाला फेरी घालीत. हद्दीकडच्या अंगाचे कोंब मोडून ते परडीत टाकीत आणि आमच्या अंगणाकडचे जोमदार कोंब राखीत. मोडलेले कोंब आई सोलून बारीक चिरी, रात्रभर भिजत घाली आणि उकळलेले पाणी टाकून देऊन मगच भाजीला घेई, कारण कच्च्या कोंबात विषद्रव्य असते. पुढे थंडी पडली, की वडील तीन वर्षांवरील काठ्या जमिनीलगतच्या पहिल्या पेरावर तोडीत आणि बेटाला घोड्याच्या नालेचा आकार देत. त्या नालेचे उघडे तोंड ते शेजाऱ्याच्या हद्दीकडे ठेवीत आणि नव्या कोंबांची कमान आपल्या घराकडे. उघड्या तोंडातून आत शिरून जुन्या काठ्या काढता येत आणि बेट चाललेच, तर ते आमच्याच जमिनीत चाले.

शोभेसाठी रोपवाटिकांतून मिळणाऱ्या सोनेरी बांबूची जात मात्र निराळी. त्याचा लांब कंद जमिनीच्या वरच्या फूटभर थरातून आडवा धावतो आणि मूळ झाडापासून कित्येक हात दूर कोंब काढतो. माझ्या एका स्नेह्याने थंड हवेच्या गावी हा बांबू लावला; विकणाऱ्याने त्याच्या स्वभावाची वाच्यता केली नव्हती, आणि चौथ्या पावसाळ्यात शेजाऱ्याच्या तुळशीवृंदावनालगतची फरशी उचलली गेली. अशा जातीभोवती अडीच फूट खोल चर खणून जाड प्लॅस्टिकचा अखंड पत्रा उभा करावा, त्याची वरची कड दोन इंच मातीबाहेर राहावी आणि किंचित बाहेर कललेली असावी, म्हणजे अडलेला कंद खाली न जाता वर येतो. परंतु पत्र्याने कंद केवळ दृष्टीस पडतो. तो छाटणारा हात वर्षानुवर्षे लागतोच. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने २०१३ मध्ये धावत्या बांबूने झालेल्या शेजाऱ्याच्या नुकसानीची भरपाई लावणाऱ्यावर टाकली, हे मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

आज कोकणात कुलूपबंद घरे थोडी नाहीत. मालक मुंबईहून गणपतीला येतो तेव्हा भाद्रपद लागलेला असतो आणि श्रावणातला कोंब छपराशी पोहोचलेला असतो. ज्याला त्या दिवसांत परसात उभे राहणे शक्य नाही त्याने बांबू लावू नये, अथवा लावलाच तर बेटाची देखरेख शेजाऱ्याकडे द्यावी: हद्दीकडचे कोंब त्याने काढावेत आणि थंडीतल्या तोडीत त्याचा हिस्सा असावा. वडिलांच्या पश्चात आमच्या बेटाची हीच व्यवस्था आहे. हद्दीचा दगड अजून उघडा आहे आणि शेजारच्या घरचे गुढीला काठी आमच्याच बेटातून नेतात.

— बागवान