जादू कोणाची, पाप कोणाचे?

जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्रिखंडात्मक महाकादंबरी १९५४-५५ या काळात इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी लेखकाने आपल्या पत्रव्यवहारात एका संतप्त वाचकाचा उल्लेख केला आहे. कादंबरीचा नायक फ्रोडो याचा अखेरीस सन्मान होतो, हे त्या वाचकाला मुळीच रुचले नव्हते. फ्रोडो हा द्रोही आहे. त्याला सन्मान नव्हे, देहदंड मिळावयास हवा होता, असे त्याचे म्हणणे होते.

या संतापाला आधार नव्हता असे नाही. सर्वसत्ता देणारी एक दुष्ट अंगठी ज्वालामुखीच्या गर्भात टाकून नष्ट करावयाची, हे कार्य फ्रोडोने स्वेच्छेने पत्करलेले असते. अनंत हालअपेष्टा सोसून तो त्या कड्यापर्यंत पोहोचतो आणि नेमक्या त्या क्षणी अंगठी टाकण्यास नकार देऊन तिच्यावर स्वतःचा हक्क सांगतो. अंगठीच्या लोभाने झपाटलेला गॉलम त्याच्यावर झडप घालतो, बोटासकट अंगठी तोडून घेतो आणि तोल जाऊन अग्नीत कोसळतो. जग वाचते, पण ते फ्रोडोच्या हातून वाचत नाही.

मग फ्रोडो दोषी की निर्दोष? टोल्किन यांनी १९६३ मध्ये एका वाचकाला उत्तर देताना याचा सविस्तर विचार केला. फ्रोडो अपयशी ठरला हे त्यांनी मान्य केले. मात्र ते अपयश नैतिक नव्हते, अशी त्यांची भूमिका होती. त्या स्थळी अंगठीचा दाब कोणाही देहधाऱ्याच्या प्रतिकारशक्तीपलीकडचा होता आणि फ्रोडो तेथवर आपले सर्वस्व वेचून पोहोचला होता. शिवाय वाटेत त्याने गॉलमवर दया केली होती. तीच दया शेवटी फळाला आली. वाचकांच्या पिढ्या बदलल्या, पण हा खटला अद्याप निकाली निघालेला नाही. उलट त्याची व्याप्ती वाढतच गेली आहे.

घरातील मुलगा किंवा मुलगी सातशे-आठशे पानांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ घेऊन बसलेली दिसली की वडीलधाऱ्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते. 'राक्षस आणि चेटक्यांच्या गोष्टी वाचण्याचे वय आहे का हे?' परंतु त्याच मुलांच्या आपापसातील चर्चा कान देऊन ऐकल्या, तर तेथे चेटूक थोडे आणि धर्माधर्मविचार अधिक असतो, असे आढळून येईल. मंत्राच्या अमलाखाली केलेल्या कृत्याचा दोष कोणाला? शक्ती जन्मतः मिळाली असेल तर तिच्या परिणामांचे उत्तरदायित्व कोणाचे? हे प्रश्न पोरकट नाहीत.

नियमांची जादू

या वादाला अलीकडच्या काळात नवे वळण दिले ते अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी. जादूने कथेतील पेच सोडवायचा असेल, तर त्या जादूचे नियम वाचकाला जितके नीट कळलेले असतील तितकेच ते सोडवणे समाधानकारक ठरते, असा सिद्धान्त त्यांनी २००७ मध्ये मांडला. त्यांच्या 'मिस्टबॉर्न' मालिकेत (आरंभ २००६) विशिष्ट धातू गिळून पोटात 'जाळले' की विशिष्ट सामर्थ्य प्राप्त होते. पितळाने दुसऱ्याच्या भावना शमवता येतात, जस्ताने त्या भडकवता येतात. धातू संपला की शक्ती संपली. सारा हिशेब रोख.

असा हिशेब असला की उत्तरदायित्वाचाही हिशेब मांडता येतो, हा या पक्षाच्या वाचकांचा मुख्य मुद्दा. जस्त जाळणारा मनुष्य समोरच्याचा राग वाढवू शकतो, पण हात उगारावयास लावू शकत नाही. म्हणजे भडकावणाऱ्याचा दोष वेगळा आणि भडकून हात उगारणाऱ्याचा वेगळा. दोघांपैकी कोणीही पूर्ण सुटत नाही. चौकात भाषण करून जमाव पेटवणारा आणि त्या जमावात दगड उचलणारा यांच्याविषयी विचारी मनुष्य हेच म्हणेल.

दुसरा पक्ष टोल्किन यांच्या परंपरेचा. जादू जर तराजूत तोलता येऊ लागली, तर ती एक प्रकारची अभियांत्रिकी होते, अशी त्याची तक्रार आहे. अंगठीचा दाब किती मापाचा होता हे सांगता येत नाही, म्हणूनच फ्रोडोकडे पाहताना वाचकाच्या मनात न्यायाबरोबर करुणाही जागी होते. या आक्षेपात तथ्य आहे. मनुष्य नेमका कोणत्या क्षणी मोडेल, याचे कोष्टक कोणत्याही शास्त्राला मांडता आलेले नाही.

अर्सुला ले ग्विन यांनी १९६८ मध्ये 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' लिहून या दोहोंच्या मधली वाट आधीच दाखवून ठेवली होती. तेथे वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळवणे आणि प्रत्येक मंत्राने सृष्टीचा तोल हलतो. गेड हा बुद्धिमान विद्यार्थी केवळ ईर्ष्येपोटी, आपले सामर्थ्य सिद्ध करण्यासाठी, मृतात्म्याला पाचारण करतो आणि एक काळी छाया जगात मोकळी सुटते. ती परत ढकलताना त्याचे वृद्ध आचार्य प्राण गमावतात. त्या छायेपासून गेड प्रथम पळतो, नंतर तिचा पाठलाग करतो आणि शेवटी तिला नावाने हाक मारतो. ते नाव असते त्याचे स्वतःचे. आपल्या दुष्कृत्याला आपलेच नाव देणे, ही उत्तरदायित्वाची याहून नेमकी व्याख्या कोणती असणार?

शापाचा बहाणा

मराठीतही अनुवादित झालेल्या हॅरी पॉटरच्या कथांमध्ये 'इम्पेरियस' नावाचा शाप आहे. तो ज्याच्यावर पडतो त्याची इच्छाशक्ती दुसऱ्याच्या मुठीत जाते. मालिकेच्या चौथ्या भागात (२०००) एक मार्मिक तपशील येतो. दुष्ट सत्ता कोसळल्यावर तिच्या अनेक सेवकांनी 'आम्ही शापाखाली होतो' असे सांगून सुटका करून घेतली. लुसियस मॅल्फॉयसारखा धनाढ्य गृहस्थ त्यांपैकीच एक. खरोखर शापग्रस्त कोण आणि बहाणेबाज कोण, हे निवडता निवडता तेथील शासन थकून गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ मध्ये न्युरेंबर्ग येथे चाललेल्या खटल्यात 'वरून आज्ञा होती' हा बचाव आरोपींना दोषमुक्त करण्यास पुरेसा मानला गेला नाही. शब्द बदलतात, बहाणा तोच राहतो. कोणी वरिष्ठांकडे बोट दाखवतो, कोणी मद्याकडे, कोणी जमावाकडे, तर आता कोणी संगणकाकडे. 'निर्णय प्रणालीने दिला' असे सांगणारा अधिकारी आणि 'शापाने करवले' असे सांगणारा मॅल्फॉय यांच्यात फारसे अंतर नाही.

याच मालिकेतील आणखी एक शाप छळाचा आहे. तो साधण्यासाठी छळण्याची इच्छा मनात खरोखर असावी लागते. पाचव्या भागात (२००३) क्रोधाने पेटलेल्या हॅरीला तो साधत नाही. सातव्या भागात (२००७) मात्र साधतो. आपल्या वृद्ध अध्यापिकेचा अपमान करणाऱ्या दुष्टाविरुद्धच तो वापरला गेला, हे खरे. पण जादूचा नियमच येथे साक्षीदार बनून उभा राहतो आणि नायकाच्या मनात त्या क्षणी काय होते ते सांगून जातो. नायकाने केले म्हणून ते योग्य ठरते काय, यावर वाचक आजही हमरीतुमरीवर येतात. यावे. आपल्या माणसाचे कृत्यही त्याच मापाने मोजावे लागते, हे तरुणांना यातून उमगत असेल तर तो वाद व्यर्थ म्हणता येणार नाही.

शपथेतील पळवाट

रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही चौदा खंडांची मालिका १९९० मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये लेखकाच्या निधनानंतर सँडरसन यांनी ती २०१३ मध्ये पूर्ण केली. तीत एस सेडाई नावाचा शक्तिधारी स्त्रियांचा संघ आहे. असत्य शब्द उच्चारणार नाही, अशी शपथ तेथे मंत्राने शरीरात रुजवलेली असते. खोटे बोलू म्हटले तरी बोलता येत नाही. परिणाम काय? त्या स्त्रिया सत्य शब्दांनीच फसवण्यात निष्णात होतात आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास उरत नाही.

मराठी वाचकाला येथे 'नरो वा कुंजरो वा' आठवल्याशिवाय राहणार नाही. द्रोणपर्वातील युधिष्ठिराने शब्द सांभाळला, हेतू सांभाळला नाही; आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. तेथे शिक्षा शब्दाची नाही, हेतूची झाली. नियम कितीही काटेकोर केला तरी नीती नियमात मावत नाही, हे सँडरसन-पक्षीयांनी ध्यानात घ्यावे असे उत्तर महाभारताने देऊन ठेवले आहे.

अस्त्रविद्येचेही तसेच. आवाहन, उपसंहार, पात्रता आणि निषेध अशी चारही अंगे असलेली ती पूर्ण नियमबद्ध विद्या होती. द्रोणांनी पुत्रहट्टामुळे नाइलाजाने अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर अस्त्र दिले आणि ते मनुष्यावर टाकू नये असे बजावले. सौप्तिकपर्वात त्याने ते टाकलेच. व्यास-नारद मध्ये उभे राहिल्यावर अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता येईना. त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले. 'आवरता येत नाही' ही त्याची सबब खरी होती. पण आवरता न येणारी गोष्ट सोडण्याचा निर्णय त्याचाच होता. म्हणूनच कृष्णाने त्याला क्षमा केली नाही. आणि पात्रता नसताना विद्या देणाऱ्या पित्याचे काय, हा प्रश्न व्यासांनी वाचकासाठी उघडा ठेवला आहे.

'आमच्याकडे हे सारे पूर्वीच होते' एवढे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. त्यापेक्षा कठीण पण अधिक उपयुक्त काम म्हणजे या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचणे.

वेडा, धुंद आणि शहाणा

'द व्हील ऑफ टाइम'च्या प्रारंभीच ल्यूस थेरिन हा वीर येतो. शत्रूने पुरुषांची शक्ती विटाळून टाकल्यामुळे तो वेडा झालेला आहे आणि त्या वेडात त्याने पत्नीमुलांसह आपला सारा परिवार मारला आहे. क्षणभर शुद्धीवर आणले जाताच त्याला काय घडले ते दिसते आणि तो मर्यादेबाहेर शक्ती ओढून स्वतःला नष्ट करतो.

लौकिक कायद्यापुढे तो सुटला असता. १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यानंतर इंग्लंडमध्ये जो नियम ठरला, तोच १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये कायम आहे. आपण काय करतो, किंवा ते चूक आहे, हे वेडामुळे ज्याला कळत नाही, तो गुन्हेगार नव्हे. पुढील दोन कलमे नशेची आहेत. दुसऱ्याने नकळत वा बळजबरीने नशा करविली, तर वेगळा विचार. स्वतः होऊन केली, तर धुंदीची सबब तशी चालत नाही. मंत्रमुग्ध पात्रांविषयी वाचक ज्या रेषा आखतात, त्या साधारण याच आहेत. पेला कोणी ओठाला लावला, हा खरा प्रश्न.

सँडरसन यांच्याच 'ओथब्रिंगर' (२०१७) या कादंबरीतील डालिनार हा सेनापती या प्रश्नाच्या मुळाशी जातो. तारुण्यात त्याने एक नगर नागरिकांसह जाळले. त्यात, त्याच्या नकळत, त्याची पत्नीही जळाली. त्या काळात एका दुष्ट शक्तीचा रणज्वर त्याच्या अंगात संचारत असे. निर्णायक क्षणी शत्रूदेवता त्याला सांगते की ते सर्व मी करविले. तुझे दुःख मला दे आणि मोकळा हो. बचाव अगदीच खोटा नाही. तरीही डालिनार तो नाकारतो. जे केले ते आपण केले, असे म्हणून तो उभा राहतो आणि त्यामुळेच शत्रूच्या हातून निसटतो.

ल्यूस थेरिन दोष सहन न होऊन मरतो, मॅल्फॉय दोष झटकून जगतो, डालिनार दोष वाहून जगतो. तिसरी वाट सर्वांत अवघड आणि माणसाला शोभणारी तीच. अर्थात जो खरोखर शापग्रस्त होता त्याच्यावर दगड मारू नये; फ्रोडोच्या वाट्याला करुणाच आली पाहिजे. इतरांचा न्याय करताना टोल्किन यांचे मोठे मन आणि स्वतःचा न्याय करताना डालिनारचा कठोरपणा, असे हे दुहेरी माप आहे. बहुतेकांच्या हातून ते नेमके उलटे वापरले जाते.

म्हणून मुलांच्या हातातील जाड ग्रंथ पाहून सुजाण पालकांनी नाके मुरडू नयेत. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसतील तेव्हा एवढेच विचारावे की, फ्रोडो दोषी होता का? उत्तर काहीही येवो. आणि मग अश्वत्थाम्याची गोष्ट सांगावी. त्याच्या अपराधात पित्याचा वाटा किती होता, हा प्रश्नही वगळू नये. तो प्रश्न विचारताना पालकांच्याच मनात काही हलले, तर ते इष्टच.