वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो

“वरचा आकडा १६८ असला, तरी खालचा ७०च आहे ना? या वयात एवढे चालायचेच!” घरातील ज्येष्ठांचा रक्तदाब मोजून झाला की हे वाक्य हमखास कानी पडते. हा दिलासा मात्र फसवा आहे.

हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचिक असते. हृदय आकुंचन पावले की ती किंचित फुगून रक्ताचा जोर सामावून घेते. हृदय शिथिल झाले की पूर्ववत होताना ते रक्त संथपणे पुढे ढकलते. वयोमानानुसार तिच्या भिंतीतील लवचिक तंतू झिजतात व कठीण तंतू वाढतात. मग फुगणे कमी होते. वरचा दाब चढतो आणि खालचा उतरतो. निरोगी प्रौढ व्यक्तीत दोन आकड्यांमधील अंतर साधारण ४० असते. वरील उदाहरणात ते ९८ आहे. असा खालचा आकडा आरोग्याचे नव्हे, तर धमनीच्या ताठरपणाचे चिन्ह असू शकतो. हृदयाच्या ठोक्याचा हा न शमलेला जोर मेंदू व मूत्रपिंड यांच्या नाजूक रक्तवाहिन्यांना सोसावा लागतो.

मग उतारवयात केवळ वरचा दाब कमी करून लाभ होतो का? अमेरिकेतील ‘शेप’ या संशोधनाने १९९१ साली याचे उत्तर दिले. साठी गाठलेल्या ४,७३६ व्यक्तींचा त्यात समावेश होता. क्लोरथॅलिडोन या जुन्या, साध्या गोळीपासून उपचार सुरू केलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले.

मात्र औषधाबरोबर सावधपणाही हवा. ताठर धमन्या असलेल्या व्यक्तीचा दाब उभे राहताच एकदम उतरू शकतो आणि तोल जातो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर बसून दाब मोजावा आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, अथवा भोवळ आली, तर डॉक्टरांना अवश्य कळवावे. ते मात्रा वा वेळ बदलतील. आपण होऊन गोळी बंद करू नये. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसावे, मगच पाऊल टाकावे.

दोन्ही आकडे तारीखवार वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या तपासणीस जाताना औषधांच्या पिशवीत ती वहीही असू द्यावी.