ओपनिंग पाठ नको, समजून घ्या

शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत बुद्धिबळ असते. स्पर्धा जवळ आली की मुले मोबाइलवर पाहून ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, पाठ करतात. समोरच्याने पाचवी चाल वेगळी केली की पाठांतर संपते आणि मूल गोंधळते. मग घरी बोलणे होते, ‘आपल्या नाट्यात ना क्लास, ना कोच. हा खेळ शहरवाल्यांचा.’

अशा घरांत मीर सुलतान खान यांची हकीकत जरूर सांगावी. पंजाबातल्या खेड्यात ते देशी शतरंज शिकले. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे. युरोपीय नियम त्यांनी मोठेपणी शिकून घेतले. 1929 मध्ये सर उमर हयात खान यांच्यासोबत ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. 1932 व 1933 मध्येही तो किताब त्यांनी मिळवला. परतल्यावर 1935 मध्ये आपल्याकडच्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डाव झाले, त्यांतला फक्त एक बरोबरीत सुटला, बाकीचे सारे खानसाहेबांनी जिंकले.

1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांकाला हरवले. त्या डावात पाचव्या चालीला त्यांनी वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एकच घर पुढे केले. चाल साधी दिसते, पण कारण पक्के होते: काळ्या उंटाने पुढे येऊन आपला घोडा अडकवू नये. पुढे या चालीला जगज्जेते पेट्रोशियन यांचे नाव मिळाले. डाव 65 चालींचा झाला. सुरुवातीने सामना जिंकून दिला नाही, पण पुढच्या खेळाला भक्कम जागा मिळवून दिली.

मुलांना एवढेच शिकवा: मधली घरे ताब्यात घ्या, घोडे-उंट लवकर बाहेर काढा, राजा सुरक्षित करा. आणि प्रत्येक चालीला विचारा, ‘ही का केलीस?’ अम्मी-अब्बांना खेळ येत नसला तरी हा प्रश्न विचारता येतो.

मुलींनाही पटावर बसवा. उमर हयात खान यांच्याच घरातल्या फातिमा 1933 मध्ये ब्रिटिश महिला विजेत्या झाल्या होत्या. आपल्याकडे सातवी-आठवीनंतर मुलींचा खेळ सुटतो, आणि तो बहुतेक वेळा घरातूनच सुटतो. यंदा स्पर्धेचा फॉर्म घरी येईल, तेव्हा भावाबरोबर बहिणीच्याही फॉर्मवर सही करावी.